सुईच्या अग्रावरची खरेदी

मिलिमीटर हे माप आमच्या नात्यागोत्यात आजवर फक्त पावसासाठी वापरात होतं. सांताक्रूझला किती, कुलाब्याला किती, आणि डोंबिवलीला कोणी मोजत नाही, एवढाच त्याचा पसारा. अलीकडे मात्र ताईच्या घरी ते चेहऱ्यासाठी वापरलं जाऊ लागलं आहे. "पाव मिलिमीटर पुरे", "छे, दीड तरी हवा" अशी वाक्यं आमटी वाढता वाढता ऐकू येतात. भाचेरावांच्या गालांवर मुरुमांनी जाताना ठेवलेले खड्डे आहेत. ते बुजवायला घरच्या घरी फिरवायचा सुयांचा रोलर विकत मिळतो, आणि तो कोणता घ्यावा याबद्दल त्या घरात माणसांपेक्षा मतं जास्त आहेत. (खड्डा म्हटला की महापालिकेवर एक विनोद करायची पद्धत आहे. तो वाचकांनी आपापल्या वॉर्डाप्रमाणे करून घ्यावा.)

मुरूम होते तेव्हा गोष्ट सोपी होती. मुरमावर औषध माहीत नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. जायफळ दुधात उगाळून लाव, कडुलिंबाच्या पाण्याने तोंड धू, मुलतानी माती थाप, आणि काहीच जमलं नाही तर पोट साफ ठेव. लिफ्टमध्ये दोन मजल्यांपुरती ओळख झालेल्या बाईही भाचेरावांना उपाय सांगून तिसऱ्या मजल्यावर उतरत. पुढे मुरूम गेले, खड्डे राहिले, आणि ही सगळी परंपरा एका दिवसात गप्प झाली. खड्ड्यावर आजीच्या बटव्यात काही नाही. त्याला कारण आहे. मुरूम गेल्यावर मागे राहतो तो लालसर किंवा काळपट डाग म्हणजे नुसता रंग. उन्हापासून जपलं तर तो महिन्या-दोन महिन्यांत किंवा वर्षभरात फिका होतो. खड्ड्यात मात्र कातडीखालचा मालच कमी झालेला असतो. वरून लावलेलं जायफळ तिथे काय भरून काढणार? दोन्हींतला फरक ओळखायचा तर खिडकीशी आडवं उभं राहून उजेड बाजूने पडू द्यायचा. डाग तसाच दिसतो, खड्ड्याला सावली पडते.

भाचेराव संगणकवाले असल्यामुळे त्यांनी आधी वर्गीकरण केलं. खड्ड्यांच्या तीन जाती आहेत. काही अरुंद आणि खोल, टोच्याने भोक पाडल्यासारखे. काही रुंद, उभ्या कडांचे, तळ सपाट असलेले. आणि काहींना कडाच नसतात. कातडी खालून दोऱ्यांनी ओढून धरल्यामुळे गालावर नुसता चढउतार दिसतो. एकाच गालावर तिन्ही जाती गुण्यागोविंदाने नांदू शकतात, आणि भाचेरावांच्या नांदतात.

त्यानंतर प्रतवारी. २००६ साली गुडमन आणि बॅरन या तज्ज्ञांनी मुरुमांच्या वणांच्या चार यत्ता ठरवून दिल्या. पहिलीत फक्त रंगाचा फरक. दुसरीत खड्डे असतात, पण पन्नास सेंटीमीटरवरून ते सहसा जाणवत नाहीत, आणि पुरुषाच्या बाबतीत केलेल्या दाढीच्या सावलीतही खपून जातात. तिसरीत ते पन्नास सेंटीमीटरवरूनही दिसतात, मात्र गाल ताणला की सपाट होतात. चौथीतले ताणूनही हटत नाहीत. झालं, हा मुलगा दोन्ही तळव्यांनी गाल कानांकडे ओढून घरभर हिंडायला लागला. एका संध्याकाळी त्याने आरशासमोरून जाहीर केलं, "तिसरी आहे." ताई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, स्थळाबद्दल बोलतोय.

मला त्या प्रतवारीतलं पन्नास सेंटीमीटर फार आवडलं. चारचौघांत बोलताना दोन चेहऱ्यांमध्ये एवढं अंतर असतं, असं ते गृहीत आहे. गृहीत धरणाऱ्यांनी सकाळची डोंबिवली फास्ट पाहिलेली नसणार. तिथे पन्नास सेंटीमीटरमध्ये चार माणसं, दोन सॅक आणि एक जेवणाचा डबा बसतो. घाटकोपर येईपर्यंत भाचेरावांच्या गालापासून दुसऱ्या गृहस्थाचं नाक जेमतेम चार बोटांवर असतं. आणि तरीही मी शपथेवर सांगतो, त्या गृहस्थाला खड्डे दिसत नाहीत. त्याची नजर पलीकडे उठू पाहणाऱ्या माणसाच्या जागेवर खिळलेली असते. बाकी पन्नास सेंटीमीटरच्या आत येतं कोण? न्हावी येतो, त्याला खड्ड्यांतून वस्तरा कसा न्यावा एवढीच चिंता. दातांचा डॉक्टर येतो, तो आत बघतो. घरातल्या आत्या येतात, कारण चष्म्याशिवाय माणूस ओळखायचा तर त्यांना जवळ यावंच लागतं. कांदेपोह्याच्या कार्यक्रमात मुलगी टीपॉयच्या पलीकडे असते, म्हणजे निदान तीन फूट. तिथे भाचेरावांचा चेहरा दुसरीत पास होतो. पन्नास सेंटीमीटरच्या आत येऊन, मोबाइलची बत्ती लावून, रोज न चुकता त्या गालांचं निरीक्षण करणारा माणूस एकच. तो आरशात राहतो.

पण खरेदी ठरली ती त्याच माणसाच्या आग्रहामुळे, त्यामुळे बाजाराकडे वळू.

बाजारात तीन प्रकार आहेत. दांड्याला फिरतं पिंप आणि पिंपावर सुया, तो रोलर. दांड्याच्या टोकाला चपटी बैठक आणि तिच्यावर सुया, तो शिक्का. आणि मोटर लावलेलं, मिनिटाला हजारो वेळा सुया आतबाहेर करणारं, ते पेन. तिन्ही टीव्हीच्या रिमोटपेक्षा लहान, आणि तिन्हींच्या खोक्यावर एकच बाई. तिच्या गालावर खड्डा सोडाच, छिद्रसुद्धा नाही. हिला सुयांची गरज काय, हा प्रश्न आमच्यापैकी एकट्या आत्यांना पडला. किंमत मात्र आटोक्यातली. आधीची मोठी किंमत खोडून शेजारी लहान लिहिलेली असते, आणि ही सवलत आज रात्री बाराला संपणार असते. रोज.

पहिला वाद सुयांच्या संख्येवर झाला. एक रोलर १९२ सुयांचा होता, दुसरा ५४० सुयांचा. भावोजी हिशेबनीस म्हणून निवृत्त झाले आहेत. "शंभर रुपये जास्त आणि सुया जवळजवळ तिप्पट," ते म्हणाले, "यात विचार करण्यासारखं काय आहे?" विचार करण्यासारखं आहे ते महाभारतात आहे. भीष्माचार्यांना शरपंजरी एवढे दिवस पडून राहता आलं, ते बाण पुष्कळ होते म्हणून. भार वाटला जातो. सुया जितक्या दाट, तितकं एकेका सुईच्या वाट्याला बळ कमी आणि आत शिरणं अवघड. मग माणूस चिडून दाबतो. शिवाय स्वस्तातल्या ५४०वाल्यांत बहुतेकदा सुट्या सुया नसतातच. पत्र्याच्या पातळ चकत्या दातेरी कापून एकावर एक रचलेल्या असतात, आणि त्या दात्याचं टोक पात्यासारखं चपटं असतं. ते टोचण्याऐवजी चिरत जातं. धातूवरही थोडी चर्चा झाली. सोनेरी मुलाम्याकडे ताईचा ओढा होता. वैद्यकीय दर्जाचं साधं स्टील पुरतं. घरच्या सुया बोथट होण्याआधी टाकूनच द्यायच्या असतात, त्यांचा वारसा कोणाला ठेवायचा नाही.

रोलर की शिक्का, यावर माझं मत शिक्क्याच्या बाजूने आहे. रोलर फिरताना सुई तिरकी शिरते आणि तिरकी बाहेर येते, त्यामुळे भोक वर फाटतं. शिक्का सरळ बसतो, सरळ उठतो, आणि नाकाच्या कोपऱ्यातही जातो. पेनाबद्दल माझं मत असं की ते माहीत असलेल्याच्या हातात असावं. काडतूस नवं घातलं तरी आतलं यंत्र तेच राहतं, आणि कमअस्सल काडतुसातून रक्ताचा अंश यंत्रात मागे शिरू शकतो.

या सगळ्या विद्येचा उगम आत्यांना सांगितला तेव्हा मात्र त्यांनी पहिल्यांदा टीव्हीचा आवाज कमी केला. १९९५ साली न्यूयॉर्कच्या ओरेंट्राइक पितापुत्रांनी खचलेल्या वणाखाली सुई घालून, खालून ओढून धरणारे धागे तोडायची रीत मांडली. मग १९९७ साली कॅमिरांड आणि दूसे या दोघांनी आणखी एक गंमत लिहून ठेवली. ते रोग्यांच्या पांढरट वणांवर कातडीच्या रंगाचं गोंदण करत असत, म्हणजे वण झाकला जावा. काही काळाने रंग उडून गेला, तरी वण सुधारलेलाच राहिला. म्हणजे गुण शाईचा नव्हता, सुईचा होता. तेव्हा त्यांनी शाईच काढून टाकली आणि कोरडंच गोंदलं. पुढे केपटाऊनच्या डेस्मंड फर्नांडिस या शल्यचिकित्सकांनी सुया पिंपावर बसवल्या आणि आजचा रोलर जन्माला आला.

आत्यांच्या मनगटावर लहानपणी जत्रेत गोंदवून घेतलेलं तुळशीवृंदावन आहे. त्या ते बराच वेळ बघत राहिल्या. "गोंदणारणीला आम्ही पायलीभर तांदूळ दिले होते," त्या म्हणाल्या. "हे तुमचे डॉक्टर शाई न घालता गोंदतात, मग पैसे कशाचे घेतात?"

पैसे खोलीचे घेतात. खरेदीतला खरा प्रश्न तोच आहे, आणि खोक्यावर त्याचं उत्तर कुठेही छापलेलं नसतं. चेहऱ्याच्या कातडीचा सर्वांत वरचा पापुद्रा जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. कोलॅजन, म्हणजे कातडीला आधार देणारं प्रथिन, असतं त्याच्या खालच्या जाड थरात, आणि खड्डाही तिथलाच. सुई तिथे पोहोचली, थेंबभर रक्त आलं, की शरीराला वाटतं जखम झाली. मग रक्तातल्या बिंबिका धावतात, दुरुस्तीचे निरोप जातात, घाईघाईने कच्चं कोलॅजन विणलं जातं, आणि त्याच्या जागी पक्कं बसवायला पुढचे काही महिने लागतात. म्हणूनच दवाखान्यात बधिर करणारं मलम चोळून दीड मिलिमीटर किंवा त्याहून लांब सुई वापरतात, आणि पुढची पाळी चार ते सहा आठवड्यांनी देतात. घरी बेतानं चालवता येते ती पाव मिलिमीटरची. तिने वरचा पापुद्रा टोचला जातो, लावलेलं मलम जास्त आत मुरतं, गाल दोन तास गुलाबी दिसतो आणि मनाला बरं वाटतं. खड्ड्याला याची खबरही लागत नाही. जी लांबी घरी सुरक्षित ती खड्ड्यापर्यंत जात नाही, आणि जी जाते ती घरी सुरक्षित नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली मुरुमांच्या वणांसाठी पहिल्यांदा असं यंत्र बाजारात आणू दिलं तेसुद्धा २२ वर्षांवरच्या माणसांसाठी, आणि चालवणारा हात जाणकाराचा असावा या बोलीवर.

हे सगळं मी नीट समजावून सांगितलं. भावोजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग अडीचचाच घ्या ना. आपण शाळेचा गणवेशसुद्धा वाढत्या अंगाचा घेत होतो."

भावोजींचा उत्साह वाढण्यामागे दुसरं कारण होतं, ते हळूहळू बाहेर आलं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१३ साली एक अभ्यास छापला होता. टक्कल पडू लागलेले शंभर पुरुष घेऊन निम्म्यांना नुसतं मिनॉक्सिडिल हे केसांचं औषध दिलं, निम्म्यांच्या डोक्यावर त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटरचा रोलर फिरवला. बारा आठवड्यांनी रोलरवाल्यांच्या डोक्यावरची केसांची गणती स्पष्ट वरचढ निघाली. शीव हे आपल्याच मार्गावरचं स्टेशन, हा पुरावा भावोजींना पुरला. "मुलाचं तोंड झालं की मी डोक्याला वापरीन," ते म्हणाले. "आणि हिच्या टाचांना." एका रोलरमध्ये तिघांची सोय पाहून ताईचे डोळे पाणावले. एकाच्या रक्ताला लागलेली सुई दुसऱ्याच्या कातडीत घालू नये, मग तो पोटचा मुलगा का असेना, हे पटवायला मला संबंध रविवार लागला.

निर्जंतुक करण्याचा मुद्दा निघाला तेव्हा ताई म्हणाली, "त्यात काय, उकळून घेऊ." आणि लगेच, "माझ्या चहाच्या पातेल्यात नाही." उकळत्या पाण्याने प्लास्टिकचं पिंप वाकतं, सुया हलतात. मग कपाटातून २०२० सालचा सॅनिटायझरचा कॅन निघाला. तो दुधाच्या पिशव्या धुऊन उरलेला आहे आणि प्रत्येक मराठी घरात आहे. त्यात गंध असतो, ग्लिसरीन असतं, ते कातडीच्या आत घालायचं नसतं. लागतं ते सत्तर टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. शंभर टक्के का नको, असं भावोजींनी विचारलंच. जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं. निव्वळ अल्कोहोल पटकन उडून जातं. आणि एवढं करूनही ते दवाखान्यातल्या निर्जंतुकीकरणाच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून तिथे सुया एकदा वापरून फेकतात. फेकणं हाही विषयच आहे. वापरलेली सुई घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात सुटी टाकली की ती कचरा वेगळा करणाऱ्या बाईंच्या बोटात जाते. घट्ट झाकणाच्या जाड डबीत घालून, चिकटपट्टी लावून, वर लिहून वेगळी द्यायची. या मुद्द्यावर आत्यांनी माझी बाजू घेतली आणि औषधाची रिकामी डबी स्वतः आणून दिली.

शेवटी भाचेराव त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, आणि त्यांच्यासोबत आम्ही सगळे गेलो. खोलीत खुर्च्या दोन होत्या. बाईंनी पडदा ओढला, दिवा बाजूने धरला आणि अर्ध्या मिनिटात विचारलं, "हनुवटीवर हे दोन काय आहेत?"

"ते जाणारेत," भाचेराव म्हणाले.

"आधी जाऊ देत. जिवंत मुरमावरून सुया फिरवल्या तर तो सगळ्या गालभर पेरला जाईल. आणि नवे येतच राहिले तर नवे खड्डेही पडतच राहतील."

मग प्रश्नांची सरबत्ती झाली. कान टोचल्यावर घरात कोणाला गाठ आली होती का? ओठावर जर येऊन जातो का? रक्त पातळ करणारी गोळी? मुरमासाठी आयसोट्रेटिनॉइन घेतलं होतं का, कधी थांबवलं? सनस्क्रीन लावता का, यावर भाचेराव छताकडे बघू लागले. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला कुठे खरचटलं तरी ती काळी पडून राग व्यक्त करते. त्यामुळे सुया मारायच्या आणि उन्हात दुचाकी हाकायची हे एकत्र चालत नाही. खोल अरुंद खड्ड्यांवर सुयांचा फारसा उपयोग नसतो, तिथे आम्लाचा थेंब टोकदार काडीने नेमका आत सोडतात. ओढून धरलेल्यांचे खालचे धागे तोडतात. उरलेल्यांना सुया, तीन-चार पाळ्या तरी, आणि त्यानंतरही गाल पूर्वी होता तसा सपाट होणार नाही, पुष्कळसा बरा होईल.

"आणि घरी?" ताईने विचारलं.

"हौस असेल तर पाव मिलिमीटरचा शिक्का घ्या. सीलबंद, सुट्या सुयांचा, एकट्याचा. पडला, टोक वाकलं, की टाका. रेटिनॉइडचं मलम लावायच्या रात्री नको. आणि त्यासोबत सीरम फुकट देतात ते तर अजिबात नको." याचं मला नवल वाटलं, कारण सगळ्या खोक्यांत क जीवनसत्त्वाची बाटली भेट होती. पण बाईंच्या बोलण्याला कारण होतं. २०१४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सुया फिरवून घेतलेल्या काही स्त्रियांच्या नोंदी छापल्या होत्या. टोचलेल्या कातडीवर असलं सीरम चोळल्यावर चेहऱ्यावर गाठी उठल्या, आणि त्या जायला बराच काळ लागला. वरून लावायला बनवलेली वस्तू भोकांतून आत गेली की शरीर तिला पाहुणी मानत नाही.

बाईंनी तीन बाजूंनी फोटो काढून ठेवले, मुरमासाठी मलम दिलं, सनस्क्रीन लिहून दिलं आणि तीन महिन्यांनी बोलावलं. शिक्का घ्यायचा की नाही हे त्यांनी आमच्यावर सोडलं, आणि भाचेरावांनी तो घ्यायचा नाही असं रिक्षातच ठरवलं. तेव्हा भावोजी खाकरले. रोलर त्यांनी आदल्या रात्री बाराच्या आत मागवून टाकला होता. ५४० सुया, दीड मिलिमीटर, सोनेरी. परत घेत नाहीत. अंगाला लावायची वस्तू आहे.

तो दुसऱ्या दिवशी आला. सील आत्यांनी फोडलं. त्या वेळी त्या दिवाळीच्या कडक पुऱ्या लाटत होत्या, आणि पुऱ्या फुगू नयेत म्हणून काट्याने टोचे मारून मारून त्यांचं मनगट दुखत होतं. त्यांनी रोलर उलटासुलटा करून पाहिला, धुतला आणि एका पुरीवरून फिरवला. पुरीवर सुंदर बारीक नक्षी उमटली. "शिकलेल्या लोकांनी हे यंत्र उगीच तोंडाशी नेऊन ठेवलंय," त्या म्हणाल्या आणि पुरी कढईत सोडली.

पुरी टम्म फुगली. सुई तुटून आत राहिली असेल या भीतीने ती कोणी खाल्ली नाही, पण भाचेरावांनी पट्टी आणून पुढची पुरी मोजली. दोन मिलिमीटर जाड होती.

"तरी मी म्हणत होतो," भावोजी म्हणाले, "अडीचचा घ्या."